एकादशीच्या फळांच्या डिशमधलं सफरचंद काळं पडू नये म्हणून

आषाढी एकादशीला आमच्या कॉलनीत भजनानंतर साठेक माणसांना फळांच्या डिश द्यायच्या असतात, आणि फळं चिरण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. डिश वाटायच्या सातला, पण चिरायला हात मिळतात ते साडेतीनलाच. पाच वाजले की सगळ्याजणी टाळ घेऊन बसतात. पहिल्या वर्षी मी पाच किलो सफरचंदं चिरून परातीत घातली आणि वर ताट झाकलं. सातला ताट काढलं तर फोडी चहाच्या रंगाच्या झालेल्या. चव काही बिघडली नव्हती, तरी लोकांनी केळं-पपई खाल्ली आणि सफरचंद तसंच ठेवलं. नैवेद्याचं फळ असं परत आलेलं मला फार लागलं.

फळ चिरलं की त्याच्या पेशी फुटतात. आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आणि फळातली तुरट द्रव्यं एकमेकांत मिसळतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग धरतो. सफरचंद, नाशपाती, केळं, चिकू यांना हे होतं. पपई, कलिंगड, संत्रं, डाळिंब यांची तशी काळजी नाही, ती आधी चिरून फ्रिजमध्ये ठेवली तरी चालतात.

सुरुवात हत्यारापासून करा. मी सफरचंद विळीवर चिरत असे. लोखंडी पात्याला फळातली तुरट द्रव्यं लागली की फोडीच्या कडेला निळसर-काळी रेघ उमटते, आणि ती धुऊनही जात नाही. आता स्टीलची सुरी घेते आणि आदल्या दिवशी धार लावून ठेवते. बोथट सुरीने फळ दाबलं जातं, जास्त पेशी चिरडतात आणि काळेपणा लवकर येतो.

आता मिठाचं पाणी. एक लिटर पाण्याला चहाचे दोन सपाट चमचे मीठ. उपास असतो म्हणून मी सैंधव वापरते, काम तेच होतं. पावसाळ्यात पाणी उकळून गार केलेलंच घ्या, कारण हे फळ कच्चंच खायचं आहे. पातेलं चिरायला बसण्याआधी शेजारी तयार हवं. सगळं चिरून झाल्यावर पाणी करायला उठलात, तर पहिल्या फोडींनी तोवर रंग धरलेला असतो. एक सफरचंद चिरलं की लगेच पाण्यात, मग दुसरं.

इथे एक गोष्ट मला दोन वर्षांनी लक्षात आली. सफरचंद पाण्यावर तरंगतं. फोडीचा खालचा भाग पांढरा राहतो आणि पाण्याबाहेर डोकावणारी पाठ तपकिरी होते. म्हणून वर एक स्टीलची ताटली पालथी घाला आणि तिच्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवा, म्हणजे सगळ्या फोडी बुडून राहतात. दहा मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवल्या तर गोडी पाण्यात उतरते आणि फोड बेचव लागते. मग चाळणीत काढायच्या, साध्या गार पाण्यातून एकदा झटकन काढायच्या आणि स्वच्छ पंचावर पसरून कोरड्या करायच्या. मीठ जिभेला अजिबात लागत नाही. मी दरवर्षी एक फोड खाऊन बघते, खारट वाटली तर पुन्हा एकदा धुते.

कोरड्या फोडी डब्यात काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा कमी राहते. घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, गारव्याने विकर मंदावतं. साडेतीनच्या फोडी सातला छान पांढऱ्या असतात. बाहेर काढल्यावर मात्र तासाभरात वाटून टाका, दमट हवेत चिरलेलं फळ उघडं ठेवू नये.

लिंबाचं पाणीही चालतं, लिटरला दोन रसरशीत लिंबं. आंबटपणात विकर नीट काम करत नाही, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व रंग धरू देत नाही. पण गोड सफरचंदाला लिंबाची चव येते आणि लहान मुलं तोंड वाकडं करतात. म्हणून लिंबू मी नाशपातीपुरतं ठेवलं आहे, तिला ते शोभतं. मधाचं पाणीही छान काम करतं, वाटीभर पाण्यात दोन मोठे चमचे मध. घरच्या चार माणसांसाठी मी तेच करते, साठजणांना तेवढा मध परवडत नाही.

शाळेच्या डब्यात एकच सफरचंद द्यायचं असेल तर याहून सोपं आहे. फोडी करा, पुन्हा अख्ख्या फळासारख्या जुळवा आणि वरून रबरबँड लावा. कापलेल्या बाजूला हवाच कमी लागते.

केळ्याला मात्र मिठाचं पाणी नको, ते लिबलिबीत होतं. आधी चिरायचंच असेल तर एका संत्र्याचा रस चोळा. पण मला विचाराल तर केळं शेवटीच. आरतीचं तबक लागलं की मी आणि शेजारच्या वहिनी आत येऊन केळी सोलायला घेतो, आणि कापूर विझेपर्यंत डिश भरून तयार असतात.