हँडल मारून दम गेला तरी इंजिन धरत नाही? या चुका टाळा

डिसेंबरातली पहाट, लाईट गेलेली, कांद्याला पाणी द्यायचंय आणि विहिरीवरचं डिझेल इंजिन काही केल्या धरत नाही. मोहोळ-पंढरपूर पट्ट्यात हे नेहमीचंच. दहा हँडल मारून झाले की माणूस म्हणतो, डिझेल फवारणारं नोझल गेलं. थांबा, आधी इंजिनच्या डोक्यावरचा डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे आतला दाब सोडणारा लिव्हर बघा.

तो उचलला की व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, हवा दाबली जात नाही, हँडल हलकं फिरतं. इंजिनच्या जड चाकाला (फ्लायव्हीलला) वेग आला की लिव्हर पाडायचा. मग तो वेगच पिस्टनला दाबातून पार नेतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण १६ ते १८ पट दाबून तापते, तेव्हाच डिझेल पेटतं. म्हणून दोन फेऱ्यांतच लिव्हर पाडणं ही पहिली चूक. चाक घुमू द्या, थंडीत तर जास्तच.

खरी गोम मात्र वेगळी आहे. लिव्हर पाडला तरी त्याची टोच रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला टेकलेली राहिली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. लिव्हर खाली असताना बोटाने हलवून बघा, थोडा खुळखुळ हवाच. मग हँडल सावकाश दाबावर आणा. चाक उसळून मागे आलं तर कॉम्प्रेशन ठीक. फुस्स झालं तर कान लावा: आवाज सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरमधून आला तर इनटेक, ऑइलच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा. टॅपेटचं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतरही इंजिन गार असताना, पुस्तकातल्या मापाने, फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) लावूनच ठेवा. 'अंदाजे कागदाएवढं' ठेवणारे मिस्त्री मी पुष्कळ बघितले.

लिव्हर उचलून इंजिन बंद करायची सवयही सोडा, व्हॉल्व्हची बैठक जळते. डिझेल तोडूनच बंद करा.

जुन्या बुलेटवाल्यांनो, तुमचं गणित उलटं. डाव्या हातातला डिकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर दाबून किक फक्त दाबाच्या जरा पुढे न्यायची, मग लिव्हर सोडून पूर्ण किक. दाबून ठेवून किक मारत बसलात तर गाडी काय सुरू होणार?

आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मूठ सुटते, मनगट वाचतं. इंजिनने धरलं की हँडल हातातून न सोडता लगेच ओढून काढा. दांड्याला नीट ग्रीस नसेल तर ते तिथेच अडकून गरगर फिरतं.