मागच्या बाकावरील खासदाराचे संसदेतील काम कसे तपासावे

लोकसभेतील एखाद्या खासदाराने किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला आणि त्याची उपस्थिती किती टक्के होती, हे आज कोणालाही काही मिनिटांत कळते. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ही माहिती सदस्यवार देते आणि निवडणुका जवळ आल्या की तिच्यावरून क्रमवारीही लावली जाते. परंतु जो मंत्री नाही, पक्षाचा गटनेता किंवा प्रतोद नाही आणि ज्याला मोठ्या चर्चेत बोलण्याची वेळ पक्षाच्या वाट्यातून मोजून मिळते, अशा मागच्या बाकावरील सदस्याचे काम या आकड्यांत पुरेसे दिसत नाही. ते पाहायचे असेल तर त्याने लावून धरलेला एखादा विषय निवडावा आणि प्रश्न, उत्तर, आश्वासन, समितीचा अहवाल, पुन्हा प्रश्न अशा क्रमाने त्याचा माग काढावा. याला वेळ लागतो. पण आपल्या प्रतिनिधीविषयी जबाबदारीने मत बनवायचे असेल, तर याहून सोपी वाट मला दिसत नाही.

आरंभी तुलनेतील काही सापळे ओळखून ठेवावेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांची उत्तरे देतात. त्यामुळे कार्यकाळाच्या मध्यावर मंत्री झालेल्या सदस्याची संख्या तेथेच थांबते. पोटनिवडणुकीतून आलेल्या सदस्याला मुळातच कमी अधिवेशने मिळालेली असतात. उपस्थितीचा आकडा सदस्याने नोंदवलेल्या हजेरीवरून काढलेला असतो. सदस्य सभागृहात किती वेळ बसला, हे त्यावरून कळत नाही.

यानंतर संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन प्रश्नांच्या विभागात सदस्याचे नाव, मंत्रालय आणि अधिवेशन यांनुसार शोध घ्यावा. सर्व प्रश्न एकदम वाचायला घेऊ नयेत. आधी नुसती शीर्षके मंत्रालयवार मांडावीत, म्हणजे एखाद्या विषयाकडे सदस्य पुन्हा पुन्हा वळतो की प्रत्येक वेळी वेगळ्याच विषयाला हात घालतो, हे लगेच लक्षात येते. एकाच दिवशी अनेक सदस्यांच्या नावे शब्दशः सारखाच प्रश्न आलेला असेल, तर तो बहुधा एकाच ठिकाणी तयार झालेला असतो आणि त्यावरून त्या सदस्याच्या अभ्यासाविषयी फारसे अनुमान काढता येत नाही.

प्रश्नांच्या संख्येला अर्थ देताना नियम माहीत असावे लागतात. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात व त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी असते. एका सदस्याला एका दिवसासाठी जास्तीत जास्त ५ प्रश्नांची सूचना देता येते आणि त्यांपैकी एकच तारांकित होऊ शकतो. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, मंत्रालयांचे दिवस ठरलेले असतात आणि प्रश्नांचा क्रम सोडतीने ठरतो. म्हणजेच तारांकित प्रश्नांची कमी-अधिक संख्या पुष्कळ अंशी नशिबाचा भाग असते आणि तिच्यावरून सदस्याची तळमळ मोजणे अन्यायाचे ठरते.

प्रश्नाचा दर्जा मात्र सदस्याच्या हातात असतो. प्रश्न १५० शब्दांच्या आत असावा, त्यात युक्तिवाद, उपरोध किंवा आरोप नसावा, मत मागितलेले नसावे, तो केंद्र सरकारच्या अखत्यारीतील असावा आणि सहज उपलब्ध असलेली माहिती त्यात विचारलेली नसावी, अशी बंधने आहेत. या चौकटीतही फरक दिसतो. ‘ग्रामीण आरोग्य सेवेची स्थिती काय आहे आणि सरकार कोणती पावले उचलत आहे’ असा प्रश्न विचारला की उत्तरात योजनांची यादी येते. याउलट ‘अमुक योजनेखाली गेल्या तीन वर्षांत मंजूर, वितरित आणि प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम राज्यनिहाय किती, आणि निधी अखर्चित राहण्याची कारणे कोणती’ असे विचारले की मंत्रालयाला आकडे तरी द्यावे लागतात किंवा ते आपल्याकडे नाहीत असे लिहून द्यावे लागते. म्हणून प्रश्न वाचताना त्यात कालावधी, योजना, रक्कम आणि जबाबदार यंत्रणा यांचा नेमका उल्लेख आहे का, हे पाहावे.

उत्तर वाचताना अधिक सावध राहावे लागते, कारण प्रश्न (अ) ते (इ) भागांत असतो आणि उत्तर मात्र अनेकदा सर्व भागांना मिळून एकत्रच दिलेले असते. अशा वेळी प्रत्येक भागापुढे त्याचे उत्तर खरोखर मिळाले का, याची खूण करावी. ‘हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ आणि ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ ही तीन उत्तरे वारंवार भेटतात. त्यांतील तिसरे वाया गेलेले उत्तर मानू नये. सप्टेंबर २०२० मध्ये, प्रश्नोत्तराचा तास रद्द झालेल्या आणि केवळ लेखी उत्तरे मिळणाऱ्या अधिवेशनात, टाळेबंदीच्या काळात घरी परतताना मृत्यू पावलेल्या स्थलांतरित कामगारांची आकडेवारी ठेवलेली नाही, असे श्रम मंत्रालयाने लोकसभेत लेखी सांगितले आणि त्या उत्तरावर देशभर चर्चा झाली. सरकारने काय मोजले नाही, हेही अतारांकित प्रश्नामुळे अधिकृतपणे नोंदले जाते, आणि माझ्या मते या साधनाचे हे फार मोठे मोल आहे.

‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ असे उत्तर आले, तर ते आश्वासन ठरते. सरकारने ते साधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करावे अशी अपेक्षा असते आणि त्याच्या पूर्ततेवर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते. येथे सदस्याची चिकाटी कळते. आपल्या प्रश्नातून निघालेल्या आश्वासनाचे पुढे काय झाले, याची त्याने पुढच्या अधिवेशनांत विचारणा केली का, हे तारखा लावून पाहावे. ज्याच्या नावावर शेकडो प्रश्न आहेत पण एकाही अपुऱ्या उत्तराचा पाठपुरावा नाही, त्याच्यापेक्षा थोडे प्रश्न विचारून एक विषय तडीस नेणारा सदस्य मी अधिक कामाचा समजतो.

तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला असेल, तर त्या दिवसाच्या कार्यवाहीचा वृत्तान्त उघडून पुरवणी प्रश्न वाचावेत. मंत्र्याच्या लेखी उत्तरातील उणीव पकडून विचारलेला पुरवणी प्रश्न आणि मंत्र्याचे आभार मानून मतदारसंघासाठी नवी मागणी करणारा पुरवणी प्रश्न यांतले अंतर वाचताना स्पष्ट जाणवते. सत्ताधारी पक्षातील सदस्याकडून कठोर प्रश्नांची अपेक्षाच नसावी, असे मानणाऱ्यांनी मुंध्रा प्रकरण आठवावे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न फिरोज गांधी यांनी १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरला, तेव्हा ते काँग्रेसचेच सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावईही होते. न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाची चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. अर्थात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनंतर पक्षादेश मोडून मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते, म्हणून मतदानाच्या नोंदीवरून स्वतंत्र बाणा शोधण्यात फारसा अर्थ राहिलेला नाही. पक्षांतरबंदी प्रश्न विचारण्याला लागू होत नाही.

शून्य प्रहर आणि नियम ३७७ यांखालील निवेदने मुख्यतः मतदारसंघाच्या तक्रारी पटलावर आणण्यासाठी वापरली जातात. ती पाहावीत, पण त्यांना प्रश्नाइतके वजन देऊ नये, कारण मंत्र्याने तेथल्या तेथे उत्तर देणे अपेक्षित नसते. खासगी विधेयकांबाबत, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकांबाबत, वेगळी दृष्टी ठेवावी. १९७० नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा झालेले नाही, त्यामुळे ‘विधेयक मंजूर झाले का’ हा निकष निरुपयोगी आहे. मूलभूत हक्कांसह घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा स्थापित करण्यासाठी नाथ पै यांनी १९६७ मध्ये मांडलेले विधेयक कायदा झाले नाही, तरी त्यावर देशभर गंभीर चर्चा झाली आणि १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने तोच अधिकार स्पष्ट केला. म्हणून विधेयकाचा मसुदा व त्याचा उद्देश सांगणारे निवेदन वाचावे आणि त्यामागे अभ्यास आहे का, हे पाहावे.

सर्वांत कमी पाहिला जाणारा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे समित्यांतील काम. मंत्रालयांवर लक्ष ठेवणाऱ्या २४ विभागीय स्थायी समित्या आहेत; प्रत्येकीत ३१ सदस्य, त्यांपैकी २१ लोकसभेचे व १० राज्यसभेचे असतात आणि मंत्री त्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत. बैठका बंद दाराआड होतात, कॅमेरे नसतात, सचिवांना समोर बसवून तपशिलात विचारता येते आणि त्यामुळे पक्षभेद काहीसा मागे पडतो. कोणी काय विचारले, हे बाहेर कळत नाही. परंतु अहवालाच्या शेवटी बैठकांची इतिवृत्ते जोडलेली असतात आणि त्यांत उपस्थित सदस्यांची नावे असतात. अनुदानाच्या मागण्यांवरील, म्हणजे मंत्रालयाच्या वार्षिक खर्चाच्या प्रस्तावांवरील, अहवाल घेऊन सदस्य किती बैठकांना हजर होता, हे मोजावे. काही समित्यांत विधेयकावरील अहवालाला भिन्नमत पत्रिका, म्हणजे अहवालाशी असहमत सदस्यांची टिप्पणी, जोडलेली असते. तेथे सदस्याची सही असेल तर त्याची भूमिका त्याच्याच शब्दांत हाती लागते.

समितीच्या शिफारशीचे पुढे काय झाले, हे कार्यवाहीविषयक अहवालात मिळते. सरकारने मान्य केलेल्या, सरकारच्या उत्तरानंतर समितीने पुढे न रेटलेल्या, सरकारचे उत्तर समितीने अमान्य केलेल्या आणि अंतिम उत्तर न आलेल्या, अशा चार गटांत त्यात शिफारशींची वर्गवारी असते. तिसरा आणि चौथा गट आधी वाचावा, आणि त्यांतील विषयावर समितीत बसणाऱ्या आपल्या खासदाराने सभागृहात प्रश्न विचारला का, हे प्रश्नांच्या यादीशी ताडून पाहावे. मात्र समितीकडे किती काम येते, हे त्याच्या हातात नसते. १५ व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, १७ व्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले, आणि हा दोष सदस्याच्या माथी मारता येत नाही.

एवढे झाल्यावर आपल्या टिपणातून एक-दोन तुटलेले धागे निवडावेत आणि खासदाराच्या कार्यालयाला प्रश्न क्रमांक, दिनांक, मंत्रालय व उत्तराचा अपुरा राहिलेला भाग यांसह लेखी विचारावे. पुढील अधिवेशनासाठी प्रश्न सुचवायचा असेल, तर १५ दिवसांची मुदत आणि त्या मंत्रालयाचा वार ध्यानात घेऊन अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पाठवावे, आणि सोबत आधीच्या उत्तराची प्रत जोडावी.