पीएचपीत एक्स्टेन्शन आयत्या वेळी लोड करताना या चुका टाळा

मराठी आडनावांची यादी वर्णक्रमाने लावणारा एक छोटा प्रोग्रॅम मी एका संस्थेसाठी लिहिला होता. टर्मिनलवर तो चालवला की ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर असा योग्य क्रम येत असे, कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्याही पुढे येतो. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये असल्यामुळे साध्या सॉर्टने हे काम होत नाही. त्यासाठी इंटल या एक्स्टेन्शनमधला, म्हणजे पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेला जोडायच्या एका पुरवणी-भागातला, कोलेटर (भाषेच्या वर्णक्रमाने क्रम लावणारा क्लास) लागतो. तोच प्रोग्रॅम ब्राउझरमधून उघडला तेव्हा ‘क्लास कोलेटर नॉट फाउंड’ अशी त्रुटी आली. त्यानंतर आम्ही जे जे उपाय करून पाहिले, त्यातले बहुतेक चुकीचे होते, आणि त्याच चुका मला पुढे इतरांच्या सर्व्हरवरही वारंवार दिसल्या.

पहिला उपाय म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच डीएल हे फंक्शन वापरून इंटल लोड करण्याचा प्रयत्न. एक्स्टेन्शन आयत्या वेळी लोड करण्यासाठीच हे फंक्शन आहे, त्यामुळे तो मोह स्वाभाविक आहे. परंतु स्थैर्याच्या कारणास्तव पीएचपी ५.३ पासून ते बहुतेक वेब सर्व्हर जोडण्यांतून काढून टाकले गेले आणि ७.० पासून एफपीएममधूनही (वेब सर्व्हरकडून आलेल्या विनंत्यांवर पीएचपी चालवणारी सेवा) गेले. आज ते टर्मिनल, सीजीआय (वेब सर्व्हरशी जोडण्याची जुनी पद्धत) आणि एम्बेड (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसवलेले पीएचपी) या रूपांपुरतेच उरले आहे, म्हणून एफपीएमखाली ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन’ एवढेच पदरी पडते. जिथे ते उपलब्ध आहे तिथेही पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना पीएचपी.आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत इनेबल_डीएल (डीएल वापरू देणारे सेटिंग) बंद ठेवलेले असते, आणि ते योग्यच आहे. कारण डीएलच्या वाटेने ओपन_बेसडिर या, पीएचपीला ठरावीक फोल्डरांबाहेर जाऊ न देणाऱ्या, सेटिंगची सगळी बंधने ओलांडता येतात. केवळ सोयीसाठी ते चालू करू नये. टर्मिनलवर एखाद्या वेळेपुरते एक्स्टेन्शन हवे असेल, तर आज्ञेतच उणे-डी पर्याय देऊन ‘एक्स्टेन्शन=इंटल’ लिहावे; प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

खरी अडचण वेगळीच होती. त्या सर्व्हरवर पीएचपीच्या दोन आवृत्त्या होत्या: टर्मिनलवर ८.२ आणि वेबसाठीच्या एफपीएममध्ये ८.१. आवृत्ती एकच असली तरी डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर टर्मिनलची आणि एफपीएमची पीएचपी.आयएनआय वेगवेगळी असते. त्यामुळे टर्मिनलवर लोड झालेली एक्स्टेन्शन दाखवणाऱ्या ‘पीएचपी उणे-एम’ या आज्ञेच्या यादीत इंटल दिसले म्हणून ते वेबलाही मिळते, असे समजणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. जी तक्रार ब्राउझरमध्ये आहे तिची तपासणीही ब्राउझरमधूनच करावी. पीएचपीइन्फो हे सगळी सेटिंग दाखवणारे फंक्शन असलेले तात्पुरते पान उघडून ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’, ‘एक्स्टेन्शन_डिर’ (एक्स्टेन्शनचे फोल्डर) आणि ‘पीएचपी एक्स्टेन्शन’ (पुढे सांगितलेला एपीआय क्रमांक) या तीन ओळी पाहाव्यात आणि काम होताच ते पान काढून टाकावे, कारण त्यात सर्व्हरची बरीच माहिती उघडी पडते. सेटिंग बदलल्यावर एफपीएम पुन्हा सुरू करावे लागते, हेही अनेकदा राहून जाते.

दोन आवृत्त्यांचे लक्षात आल्यावर सहकाऱ्याने ८.२ च्या फोल्डरमधली इंटलची फाइल उचलून ८.१ च्या फोल्डरमध्ये ठेवली. हे कधीही करू नये. प्रत्येक आवृत्तीचा एपीआय क्रमांक (पीएचपी आणि एक्स्टेन्शन यांच्यातल्या जोडणीचा क्रमांक) वेगळा असतो: ८.१ चा २०२१०९०२, ८.२ चा २०२२०८२९, ८.३ चा २०२३०८३१. एक्स्टेन्शन ज्या क्रमांकासाठी कंपाइल झाले (मूळ कोडपासून बांधले गेले), त्याच क्रमांकाच्या पीएचपीत ते लोड होते. एरवी दोन्ही क्रमांक समोरासमोर दाखवून ‘हे जुळले पाहिजेत’ असे सांगणारी सूचना येते. क्रमांक जुळूनही नकार आला, तर त्यापुढची एनटीएस किंवा टीएस ही अक्षरे पाहावीत. टीएस म्हणजे थ्रेड-सेफ (एकाच वेळी अनेक धाग्यांत सुरक्षित चालणारी) आणि एनटीएस म्हणजे बिगर थ्रेड-सेफ बांधणी एकमेकांना चालत नाही, आणि विंडोजवर चुकीची डीएलएल (तिथली एक्स्टेन्शनची फाइल) उतरवून घेण्यामागे बहुधा हेच कारण असते. एक्स्टेन्शन स्वतः कंपाइल करत असाल, तर पीएचपीआइझ आणि पीएचपी-कॉन्फिग ही बांधणीची दोन्ही साधने त्याच आवृत्तीची आहेत ना, हे आधी पाहावे.

‘अनेबल टू लोड डायनॅमिक लायब्ररी’ ही सूचना आली की बहुतेक जण तिचा पहिला अर्धा भाग वाचून फाइल शोधायला धावतात, म्हणून या सूचनेची रचना समजून घेणे गरजेचे आहे. पीएचपी ७.२ पासून एक्स्टेन्शनचे नुसते नाव दिले तरी चालते. त्यासाठी पीएचपी आधी ‘इंटल’ नावाचीच फाइल उघडून पाहते आणि ती न मिळाल्यावर ‘इंटल.एसओ’ उघडते. दोन्ही प्रयत्न फसले की दोन्हींची कारणे एकाच ओळीत, कंसांत छापली जातात. पहिल्या कंसातले ‘नो सच फाइल’ अपेक्षितच असते आणि त्यातून काही कळत नाही. खरे कारण दुसऱ्या कंसात असते. तिथे ‘लिबआयसीयू’ने सुरू होणाऱ्या फाइलीचे नाव दिसले, तर एक्स्टेन्शन जागेवर आहे, पण त्याला लागणारी आयसीयू ही युनिकोडसाठीची लायब्ररी सापडत नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी एक्स्टेन्शनच्या फाइलीवर एलडीडी ही, लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी, आज्ञा चालवावी. ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी नेमक्या उणिवा दाखवतात.

दुसऱ्या कंसात ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ असे असून पुढे पीडीओचे (डेटाबेसशी जोडणी करणारे एक्स्टेन्शन) नाव दिसत असेल, तर क्रम चुकलेला असतो. पीडीओ_मायएसक्यूएल हे पीडीओवर अवलंबून असल्यामुळे पीडीओ आधी लोड व्हावे लागते. डेबियनवर सेटिंगच्या फाइलींच्या नावाआधी १०, २० असे आकडे असतात ते याच क्रमासाठी. ते ‘नीटनेटके’ करण्याच्या भरात बदलू नयेत. एक्सडीबग हे चुका शोधण्याचे साधन ‘एक्स्टेन्शन’ या ओळीने चालत नाही, त्याला ‘झेंड_एक्स्टेन्शन’ लागते.

डीएलला फक्त फाइलीचे नाव द्यायचे असते, पूर्ण पत्ता नाही. पूर्ण पत्ता पीएचपी.आयएनआयमध्ये चालतो. आयएनआय_सेट हे फंक्शन किंवा .युजर.आयएनआय ही फोल्डरपुरत्या सेटिंगची फाइल यांतून एक्स्टेन्शन लोड होत नाही.

शेवटची चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण तिच्यात कसलीही त्रुटी दिसत नाही. एक्स्टेन्शन_लोडेड या फंक्शनने तपासायचे आणि एमबीस्ट्रिंग (मराठीसारखी बहुबाइट अक्षरे हाताळणारे एक्स्टेन्शन) नसेल तर गुपचूप लांबी मोजणारे साधे स्ट्रलेन वापरायचे, असा हा प्रकार आहे. इंग्रजी मजकुरात फरक जाणवत नाही, पण यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी स्ट्रलेन १५ (बाइट) सांगते, एमबी_स्ट्रलेन ५ (युनिकोड चिन्हे) आणि इंटलमधले ग्राफीम_स्ट्रलेन ३ (दिसणारी अक्षरे). ५० अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यात एखाद्याचे नाव अर्ध्या अक्षरावर तुटते आणि ते तसेच डेटाबेसमध्ये जाऊन बसते. एक्स्टेन्शन आवश्यक असेल, तर ते नसताना प्रोग्रॅम स्पष्ट संदेश देऊन थांबलाच पाहिजे. कंपोझर या पीएचपीची पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या फाइलीत ‘एक्स्ट-इंटल’ आणि ‘एक्स्ट-एमबीस्ट्रिंग’ यांची नोंद करावी. मात्र कंपोझर स्वतः टर्मिनलच्या पीएचपीवर चालतो, त्यामुळे आमच्यासारख्या सर्व्हरवर त्याची तपासणी बिनतक्रार पार पडेल आणि वेबची बाजू तशीच राहील. म्हणून ‘प्लॅटफॉर्म-चेक’ हे सेटिंग ‘ट्रू’ करावे. एरवी कंपोझरचा ऑटोलोड (क्लास आपोआप लोड करणारा भाग) फक्त पीएचपीची आवृत्ती पाहतो. या बदलानंतर तो ब्राउझरमधून आलेल्या विनंतीच्या वेळीही एक्स्टेन्शन तपासतो आणि जे नाही त्याचे नाव सांगून तिथेच थांबतो.