स्तनांची तपासणी ठेवताय? बायका खरंच येतील अशी ठेवा

शिबिर ठेवणं अवघड नाही, मंडप टाकला बॅनर लावला की झालं, पण ज्यांच्यासाठी ठेवलं त्याच येत नाहीत, आणि एखादीला गाठ निघाली तर पुढं काय करायचं हे तिला कुणी सांगत नाही. म्हणून बॅनरच्या आधी ही कामं करा.

सगळ्यात आधी आशाताईंना गाठा. तिशीपुढच्या बायकांचे फॉर्म त्या घरोघर जाऊन भरतात, त्यात छातीत गाठ आहे का हा प्रश्नही असतो, म्हणजे कुणाला आधी बोलवायचं ते कळतं. मग पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टरांना भेटून तारीख घ्या. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी ५ वर्षांतून एकदा फुकट होते.

तारीख मात्र बायकांच्या सोयीने. सोयाबीन काढणीत कोण येणार? बचत गटाच्या मीटिंगचा दिवस धरा, संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं तर फारच चांगली, आणि शहरात धुणीभांडी करणाऱ्या मावशींसाठी दुपार ठेवा, सकाळी ठेवलं तर त्यांचा खाडा होतो.

खोली कडी लागणारी हवी, खिडकीला पडदा हवा, आणि तपासणारी बाईच आहे हे निरोपातच सांगा, निम्मी भीड तिथंच जाते. सुई नाही, मशीन नाही, सिस्टर हातानेच तपासतात, काही मिनिटांचं काम. सुनेला पाठवा म्हणण्यापेक्षा सासूबाईंनाच आधी बोलवा, वयामुळे स्तनांच्या कॅन्सरचा धोका त्यांना जास्त, आणि त्या आल्या की घरातल्या सगळ्या येतात.

"नुसत्या हाताने काय कळतंय?" असं कुणीतरी विचारणारच. त्यांना सांगा, टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या बायकांना ट्रेनिंग घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी असं हातानेच तपासलं, आणि तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू बाकीच्यांपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच बहुतेक शिबिरं कमी पडतात. जिला गाठ लागली तिला नुसती चिठ्ठी देऊन घरी पाठवू नका. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात हे तिला तिथंच बसवून सांगा, पण सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायचीच, आणि डॉक्टर म्हणाले तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं, ते पण. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या दिवशी, सोबत कोण जाणार, हे नावासकट वहीत लिहा, नंतर फोन करून विचारा गेलीस का. रेशन कार्ड आणि आधार बरोबर न्यायला सांगा. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतात, योजनेतल्या हॉस्पिटलात पेशंटला मदत करायला आरोग्यमित्र बसतात, थेट त्यांच्याकडेच जायचं.

मॅमोग्राफीला जाताना पावडर, डिओ लावू नये, पाळी येत असेल तर ती संपल्यावरच्या आठवड्यात जावं म्हणजे दुखतं कमी.

आणि जिची तपासणी नॉर्मल आली तिलाही सांगून ठेवा, मध्येच गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, निप्पल आत गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर दुखत नसलं तरी पुढच्या शिबिराची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं.