वर्षानुवर्षे बंद पडलेले लिस्टर पद्धतीचे इंजिन पुन्हा सुरू करताना

इंग्लंडमधील डर्सली येथे लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास एक संथगती डिझेल इंजिन बाजारात आणले आणि तेथे त्याचे उत्पादन १९८७पर्यंत चालले. आपल्याकडे विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत आणि उसाच्या चरकांवर दोन मोठ्या चाकांची जी इंजिने दिसत, त्यांतील बरीच राजकोटच्या कारखान्यांत याच नमुन्यावर घडवलेली होती. सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा सिलिंडर ११४.३ मि.मी. व्यासाचा, पिस्टनची धाव १३९.७ मि.मी. आणि वेग मिनिटाला ६५० फेरे. म्हणजे आजच्या लहान मोटारीच्या सर्व सिलिंडरांत मिळून जेवढी जागा असते, त्याहून अधिक जागा येथे एकट्या पिस्टनच्या वाट्याला आलेली आहे. पुढील माहिती या इंजिनापुरती आहे. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या, नंतरच्या काळातील इंजिनांची मापे आणि वंगणाची रचना वेगळी असल्याने ती त्यांना जशीच्या तशी लावू नये.

असे इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात आठ-दहा वर्षे पडून असेल, तर पहिल्याच दिवशी हँडल मारून पाहण्याचा मोह आवरावा. या इंजिनात तेलाचा दाब निर्माण करून ते बेअरिंगपर्यंत ढकलण्याची सोय नसते. कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (चाके बसवलेल्या वाकड्या दांड्याशी) जोडणाऱ्या दांड्याच्या, खालच्या टोकाला असलेली पळी दर फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल उडवते, त्यावरच बिग एंड (रॉडचा क्रँकवर बसणारा खालचा जोड) आणि सिलिंडर यांचा निर्वाह चालतो. पळी तुटलेली असेल, वाकलेली असेल किंवा तळाशी गाळ साचून तेल तिच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर इंजिन पहिल्या ठोक्यात सुरू होऊनही अर्ध्या तासात बिग एंडचे बेअरिंग वितळू शकते. म्हणून तेल जागच्या जागी पोहोचते याची खात्री आधी करावी आणि इंजिन पेटवण्याचे काम सर्वांत शेवटी ठेवावे.

क्रँककेसचे (क्रँक आणि तेल असलेल्या खालच्या पेटीचे) बाजूचे झाकण उघडून जुने तेल पूर्ण काढावे आणि तळ बोटांनी चाचपून पाहावा. काळ्या चिखलाखाली खरखरीत कण लागले, तर ती बहुधा ओतकामाची वाळू असते. अनेक इंजिनांत ती कारखान्यातूनच चिकटून आलेली असते आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी सुटत राहते. रॉकेल आणि ताठ ब्रश घेऊन कानाकोपरा घासावा, स्वच्छ सुती कापडाने पुसावा आणि कापडावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. धागे सुटणारी चिंधी येथे वापरू नये. या कामाला माझा एक अख्खा दिवस जातो आणि तो वाचवावा असे मला कधीही वाटले नाही. नव्याने भरायचे तेल एसएई ३० दर्जाचे (हा आकडा तेलाचा घट्टपणा सांगतो) साधे मोनोग्रेड, म्हणजे एकाच आकड्याचे, असावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ४० चालते. इंजिनाला तेलाचा फिल्टर नसल्यामुळे घाण तळाशी बसू देणारे साधे तेल मला अधिक योग्य वाटते. पहिले तेल तासाभरात, दुसरे दहा तासांनी आणि त्यानंतर दर शंभर तासांनी बदलण्याचा माझा शिरस्ता आहे.

चाक हाताने फिरत नसेल, तर पिस्टन गंजून अडकला आहे असे समजून हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) उतरवावे. पिस्टनच्या माथ्यावर डिझेल आणि गिअरचे पातळ तेल समप्रमाणात ओतून चार-पाच दिवस तसेच राहू द्यावे व रोज थोडी भर घालावी. नंतर चाकाची कड धरून दोन्ही दिशांना हलके हेलकावे द्यावेत. पहिल्या दिवशी केसभर हालचाल झाली तरी काम मार्गी लागले असे मानावे. हलेच ना, तर बाभळीचा ठोकळा पिस्टनवर ठेवून लाकडी मोगरीने टिचक्या माराव्यात, पण त्याआधी क्रँक माथ्यावर किंवा तळाच्या टोकाला उभा नाही हे पाहावे, नाहीतर सारा मार सरळ बेअरिंगवर जातो. लोखंडी हातोडा पिस्टनच्या जवळही आणू नये.

हेड उतरलेलेच असल्याने व्हॉल्व घासून घ्यावेत. घासल्यानंतर सीटवर सर्वत्र सारख्या रुंदीची करडी पट्टी दिसली पाहिजे. हेड उलटे ठेवून पोकळीत रॉकेल ओतावे. पंधरा मिनिटांत एक थेंबही पाझरला नाही, तर व्हॉल्व धरले. हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने, तीन-चार टप्प्यांत आवळावेत. टॅपेटची फट (व्हॉल्व आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यातील अंतर) थंड इंजिनावर, पिस्टन दाबाच्या धावेच्या माथ्यावर असताना लावावी. त्या वेळी दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व उघडणाऱ्या उभ्या सळया) चिमटीत धरून मोकळे फिरतात, ही सोपी खूण आहे. फटीचे माप आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून किंवा इंजिनावरील माहितीच्या पट्टीवरून घ्यावे, शेजारच्या इंजिनावरून घेऊ नये.

डिझेलची वाट साफ करताना टाकीपासून सुरुवात करावी. जुने डिझेल चिकट होऊन तळाशी थर धरते, आणि पावसाळ्यातील दमट हवेमुळे साठलेले पाणी त्याखाली असते. टाकी धुवावी, फिल्टर बदलावा, मग पंपावरील एअर स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. यानंतर पंपाचा हातदांडा दाबून पाहावा. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) निरोगी असेल, तर प्रत्येक दाबाला जुन्या दाराच्या बिजागरीसारखा स्पष्ट ‘कर्र’ असा आवाज येतो. आवाज न येता दांडा नुसता मऊ जात असेल, तर हवा राहिली आहे किंवा नोझल गळते आहे. नोझलचा दाब घरी लावण्याचा प्रयत्न करू नये; ते काम डिझेल पंपाच्या दुकानातील यंत्रावरच होते. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात तर कधीच धरू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि तशी जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तिच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

पंप उतरवला असल्यास डिझेल सुटण्याची वेळ तपासावी लागते. मूळ रचनेत पिस्टन माथ्यावर येण्याच्या २० अंश आधी डिझेल सुटते. चाकाचा घेर दोरीने मोजून १८ने भागला, की २० अंशांचे अंतर मिळते. घेर १८० सें.मी. असेल तर माथ्याच्या खुणेआधी १० सें.मी.वर खडूची खूण करावी. पंपावरची नळी काढून चाक फिरण्याच्या दिशेने अगदी हळू फिरवावे आणि पंपाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डिझेलकडे नजर ठेवावी. ज्या क्षणी ते थरथरून वर उचलते, त्या क्षणी खडूची खूण दर्शकासमोर (माथा दाखवणाऱ्या स्थिर खुणेसमोर) असली पाहिजे.

आता चाकांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथील चूक जिवावर बेतू शकते. आमच्या भावकीतील एका शेतावरचे इंजिन दर फेऱ्याला ठोका देत असे. एका वर्कशॉपने बेअरिंग बदलण्यास सांगितले; बदलले, पैसे गेले आणि ठोका तसाच राहिला. मी चाकाच्या तुंब्याजवळ (मधल्या जाड भागाजवळ) बॅटरी धरून पाहिले, तेव्हा चावीच्या (चाक दांड्यावर घट्ट बसवणाऱ्या लोखंडी पाचरीच्या) दोन्ही कडांना कुंकवासारखी तांबूस पूड जमलेली होती. सैल चावी खाचेत घासली गेली की अशी पूड पडते. चावी पाचर मारून काढली, खाच साफ केली, नवी चावी शाई लावून दोन्ही बाजूंनी पूर्ण टेकेपर्यंत कानशीने घासली आणि ठोकून बसवली, ठोका गेला. चावी प्रमाणाबाहेर ठोकल्यास मात्र तुंबा तडकतो. त्यामुळे चाक बसवण्यापूर्वी तुंब्याला रॉकेल लावून ते कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास त्यातील रॉकेल पुडीवर काळसर रेघ उमटवते. अशी रेघ दिसलेले चाक वेल्डिंग करून वापरू नये, ते भंगारात द्यावे.

थंड पाण्याच्या पिंपाची पातळी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा उंच असावी आणि ती नळी इंजिनापासून पिंपापर्यंत सतत चढती असावी; मध्ये कोठेही खोलगट वळण आले की वाफ कोंडते आणि पाणी फिरणे थांबते. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल, तर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून आतील थर काढावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे.

सुरू करण्यापूर्वी धोतराचा सोगा, पदर, गळ्यातील उपरणे दूर असावे आणि लहान मुले अंगणाबाहेर असावीत. एअर क्लीनरमध्ये तेल खुणेपेक्षा जास्त भरलेले नाही हे पाहावे, कारण ते तेल ओढून इंजिन बेलगाम धावू शकते. तसे झाल्यास हवेचे तोंड बंद करण्यासाठी प्लायवूडचा तुकडा हाताशी ठेवावा. त्यासाठी कापड वापरू नये; ते आत खेचले जाते आणि हाताला इजा होते. सुरू होण्यासाठी ईथरचा फवारा मारू नये. व्हॉल्व उचलून धरावा, हँडलवर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून चाकाला चांगला वेग द्यावा आणि मगच व्हॉल्व सोडावा. पहिल्यांदा दहा मिनिटे बिनबोजा चालवून बंद करावे आणि बाजूचे झाकण उघडून बिग एंडला हात लावून पाहावा. तो कोमट असावा, चटका बसता कामा नये. इंजिन नेहमी डिझेल तोडूनच बंद करावे. व्हॉल्व उचलून बंद करण्याच्या सवयीने सीट जळते.

पावसाळ्यासाठी ठेवून देताना टाकी काठोकाठ भरावी, पिंप आणि नळ्या रिकाम्या कराव्यात, हवेच्या तोंडातून दोन चमचे तेल सोडून चाक हाताने चार-पाच वेळा फिरवावे आणि दोन्ही व्हॉल्व बंद राहतील अशा रीतीने पिस्टन दाबाच्या माथ्यावर उभा करावा. धुराच्या नळीवर डबा उलटा घालावा. दर पंधरवड्याला चाक हाताने दोन फेरे फिरवून पुन्हा त्याच जागी आणून ठेवावे.