घरी गिटार शिकताना उजवा हात थांबू देऊ नका

आठ महिने मी रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर गिटार घेऊन बसत होतो. डोंबिवलीच्या घरात, दार लावून, समोर मोबाइलवर व्हिडिओ. सी, ए मायनर, जी, डी, ई मायनर या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) न बघता पडायला लागल्या होत्या. दहा-बारा गाणी येतात असं मी धरून चाललो होतो.

मग गणपतीला गावी गेलो. रात्रीच्या भजनात काका पेटीवर आणि चुलतभाऊ ढोलकीवर होता. मला म्हणाले, तूही बस. काकांनी पट्टी सांगितली, काळी एक. मी पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा, लावला, सीचे आकार धरले आणि दोन ओळींतच मागे पडलो. प्रत्येक कॉर्ड बदलताना अर्धी मात्रा उशीर होत होता. ढोलकी पुढे निघून जायची आणि मी तिला गाठायला धावायचो. तिसऱ्या कडव्याला गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि टाळ्या वाजवत बसलो. काका नंतर एवढंच म्हणाले, "तुझी बोटं बरोबर जागी पडतात रे, पण उशिरा पडतात."

ते आठवलं की अजूनही पोटात कालवतं. म्हणून ही एक गोष्ट जरा जास्तच फोडून सांगतो.

घरी एकट्याने शिकताना आपण काय करतो? चार वेळा स्ट्रम करतो, म्हणजे तारांवरून हात फिरवतो, मग थांबतो, डाव्या हाताची बोटं एकेक करून पुढच्या कॉर्डवर बसवतो आणि पुन्हा सुरू करतो. आपल्याला वाटतं, ही अडखळ तात्पुरती आहे, बोटं सरावली की जाईल. ती जात नाही. रोज पन्नास वेळा थांबलात, तर हाताने ते थांबणंही गाण्याचा भाग म्हणून पाठ केलेलं असतं. पुढे बोटं वेगाने पडायला लागली, तरी उजवा हात जुन्या सवयीने क्षणभर वाट बघतोच. एकट्याला हे ऐकू येत नाही, कारण आपण मनातल्या मनात गाणंही तेवढंच थांबवतो. व्हिडिओबरोबर वाजवतानाही कळत नाही, कारण चुकलेला ठोका गिळून आपण पुढच्या ओळीला त्याला गाठतो.

तुम्हाला ही सवय लागली आहे का, हे आजच तपासा. मोबाइलवर दोन मिनिटं स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा आणि गिटार बाजूला ठेवून, ते ऐकताना टाळीने ठेका धरा. टाळी जिथे अडेल तिथे खोट आहे.

यावर मला उपयोगी पडलं ते सगळं चुलतभावाने शिकवलेलं. त्याने आयुष्यात गिटार धरलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून धरायला लावल्या, म्हणजे सूर नाही, फक्त खटखट. मग केरवा तोंडाने म्हणायला लावला: धा गे न ती, न क धी न. आठ मात्रा, हात खाली-वर, झोपाळ्यासारखा. अर्धा तास एवढंच. नंतर त्यात दोनच कॉर्ड, सी आणि ए मायनर, दर आठ मात्रांनी एक. बोटं पोहोचली नाहीत तर मोकळ्या तारा वाजू द्यायच्या, विचित्र सूर लागला तरी चालेल, पण समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, हात खाली आलाच पाहिजे.

मोकळ्या तारांची लाज बाळगू नका. कॉर्ड बदलण्याआधीच्या शेवटच्या 'अप'ला, म्हणजे हात वर जातानाच्या ठोक्याला, मुरलेले वादकही बोटं उचलून मोकळे होतात. कान ते चालवून घेतो, पण खंड चालवून घेत नाही.

मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवा. हा वेग कंटाळवाणा वाटेल. तरी सलग तीन दिवस एकही खंड न पडता जमल्याशिवाय 55 वर जाऊ नका. जुनी सवय मोडायला मला चार महिने लागले. तुम्ही पहिल्या आठवड्यात असाल तर तुम्हाला ते चार महिने द्यावेच लागणार नाहीत.

बोटांचं काम कमी करायला एक गोष्ट बघा. सीवरून ए मायनरला जाताना फक्त अनामिका हलते, पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलत नाही. मी आठ महिने तिन्ही बोटं उचलून पुन्हा ठेवत होतो! एफच्या जागी एफ मेजर सेव्हन धरली तर तिथेही तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवरच राहते. पूर्ण बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून धरायची ती, नंतर शिका. तिच्यामुळे गिटार सोडणारे पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातल्या कित्येकांचा दोष हातांत नसून वाद्यात होता. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांत जेमतेम कागदाएवढी फट हवी. जास्त असेल तर नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच आहे, दुरुस्तीवाल्याकडून घासून घ्या. पावसाळ्यात लाकूड फुगूनही तारा वर येतात, तेव्हा जुलैत अचानक जड वाटायला लागलं तर स्वतःला दोष देऊ नका. तारा 12 च्या जाडीच्या असतील तर 10 च्या, म्हणजे बारीक, लावा.

बोटांची टोकं दोन-तीन आठवडे दुखतात. मग कातडी जाड होते. यावर याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

बोटांना ताकद देणारे स्प्रिंगचे दाबयंत्र आणि महिन्याभरात गिटार शिकवणारे कोर्स यांवर माझा विश्वास नाही, दोन्हींवर पैसे घालवून झालेत. क्लास लावायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पण माझं ठाम मत आहे, की घरी शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी तबला, ढोलकी, निदान टाळ वाजवणाऱ्या माणसाबरोबर बसावं. तो तुमच्यासाठी थांबणार नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं आहे.

पुढच्या गणपतीत मी पुन्हा बसलो. दोनच भजनं, तीन कॉर्ड, सगळीकडे साधं डाउन-अप. एका ठिकाणी जी पडलीच नाही, मोकळ्या तारा वाजल्या. चुलतभावाने मान वर करून बघितलं आणि ठेका तसाच चालू ठेवला. हात माझाही थांबला नव्हता.