आई-बाबांचा अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा: जाड फाईल राहू द्या, आधी फॉर्म नीट भरा

थंडी सरत आली की मला नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "अगं आई-बाबांना तिकडे बोलवायचंय, काय काय कागद लागतात?" आणि माझं उत्तर ऐकून सगळे जरा हिरमुसतात, कारण कागद फारसे लागतच नाहीत. पासपोर्ट, डीएस-१६० म्हणजे व्हिसाच्या ऑनलाईन फॉर्मचं कन्फर्मेशन पेज, अपॉइंटमेंट लेटर, फोटो. सातबारा, एफडीच्या पावत्या, फ्लॅटचं व्हॅल्युएशन असली जाड फाईल न्यायची तर न्या, पण माझ्या आई-बाबांची आणि नंतर सासू-सासऱ्यांची, दोन्ही वेळा ती न उघडताच घरी परत आली. ऑफिसरच्या स्क्रीनवर असतो तो फॉर्म.

कायदा थोडक्यात सांगते. घ्यायचा तो बी१/बी२ व्हिसा, म्हणजे पाहुण्यांचा, टुरिस्टचा. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) म्हणून कलम आहे, त्यात गृहीतच धरलंय की समोरचा माणूस कायमचा राहायला येतोय, आणि तसं नाहीये हे पटवायचं काम आपलं. म्हणून तुमचा पगार, तुमचं घर, तुम्ही लिहिलेलं इन्व्हिटेशन लेटर याला तिथे फार किंमत नाही, लेटर तर कंपल्सरीही नाही. आई-बाबांचं भारतात काय आहे आणि ते परत का जातील, एवढंच बघतात.

आता फॉर्म. डीएस-१६० ऑनलाईन असतो आणि भलता चिडका, २० मिनिटं हात लावला नाही की लॉगआऊट, त्यामुळे सुरुवातीलाच मिळणारा ॲप्लिकेशन आयडी लिहून ठेवा आणि दर पानाला सेव्ह करा. आपल्याकडे हमखास घोळ होतो तो नावात. "आधी कुठलं वेगळं नाव वापरलंय का" असा प्रश्न येतो आणि पोरं घाईत नो दाबतात, अरे पण आईचं माहेरचं आडनाव वेगळं, आणि बऱ्याच जणींचं तर लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नावसुद्धा वेगळं! शाळेच्या दाखल्यावर किंवा कुठल्याही जुन्या कागदावर ते नाव असेल तर तिथे यस करून लिहा. जन्मतारखेचंही तेच, बाबा जन्मले श्रावणात पण गुरुजींनी शाळेत घालताना १ जून टाकली, तर पासपोर्टवर जी आहे तीच टाका, तिथे खरा वाढदिवस सांगत बसू नका. गेल्या ५ वर्षांतली सोशल मीडिया अकाउंट्स पण विचारतात, आईचं फेसबुक विसरू नका.

अजून एक प्रश्न महत्त्वाचा, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन फाईल केलंय का. मुलगा सिटिझन झालाय आणि त्याने आई-बाबांचं ग्रीन कार्डचं पिटिशन टाकून ठेवलंय तर उत्तर यस. लपवू नका, त्यांच्याकडे रेकॉर्ड असतंच, आणि खोटी माहिती दिल्याचं सापडलं तर कायमची बंदी लागू शकते.

एजंटकडून फॉर्म भरून घेतला तरी सबमिट करायच्या आधी स्वतः वाचा. माझी मावशी रिटायर्ड शिक्षिका, पेन्शन चालू, आणि गावातल्या एका एजंटने तिला सरळ हाऊसवाईफ करून टाकलं होतं. मी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली तेव्हा कळलं, मावशी म्हणते, "मग माझी ३२ वर्षांची नोकरी काय ह्याने खाल्ली?" नवा फॉर्म भरला. नवा भरला की नंबर बदलतो आणि तो अपॉइंटमेंटच्या प्रोफाईलमध्येही बदलावा लागतो, हे आयत्या वेळी करायला जाऊ नका.

फी माणशी १८५ डॉलर, रिजेक्ट झालं तरी परत मिळत नाही. अपॉइंटमेंट दोन, आधी बोटांचे ठसे आणि फोटो, मग कॉन्सुलेटचा इंटरव्ह्यू. मुंबईचं कॉन्सुलेट बीकेसीत आहे, आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी असू द्या. मुंबईत मराठीत इंटरव्ह्यू देता येतो, तेव्हा आईला उगाच इंग्लिश पाठ करायला लावू नका, मोडक्या इंग्लिशपेक्षा सरळ मराठी शंभर पटीने बरं.

प्रश्न साधेच असतात, कशाला जाताय, किती दिवस, मुलगी काय करते, तिच्याकडे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे की ग्रीन कार्ड, खर्च कोण करणार. विचारलं तेवढंच सांगायचं. बाळंतपणाला जाताय तर नातवंड बघायला, लेकीला भेटायला जातोय हे खरंच आहे, तेच सांगा. "नोकरी करते ना ती, मग बाळाला आम्हीच सांभाळणार सहा महिने" असं म्हटलं की ते त्यांना आया ठेवल्यासारखं ऐकू येतं, आणि तुमचा प्लॅन खरंच तसा असेल तर मुळात टुरिस्ट व्हिसा त्यासाठी नाही.

पासपोर्ट ठेवून घेतला की समजा काम झालं. २१४(बी) ची चिठ्ठी मिळाली तर नाही, त्यावर अपील नसतं, नवी फी भरून परत अप्लाय करता येतं, पण परिस्थितीत काही बदललेलं नसेल तर लगेच धावू नका. २२१(जी) म्हणजे अजून कागद किंवा तपासणी बाकी आहे.

जुना व्हिसा असणाऱ्यांसाठी, सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्स, म्हणजे इंटरव्ह्यूशिवाय व्हिसा मिळायची सोय, खूप कमी केलाय. बी१/बी२ चं रिन्यूअल जुना व्हिसा संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत असेल तरच साधारण इंटरव्ह्यू माफ होतो, आणि ८० च्या आजोबांनाही आता वयाची सूट नाही.

व्हिसा सहसा १० वर्षांचा मिळतो आणि इथेच लोक फसतात. १० वर्षं म्हणजे तेवढ्या काळात कितीदा तरी दारात येऊन उभं राहता येतं, आत किती दिवस राहायचं ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो, बहुतेक ६ महिने. ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, असते. वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा फॉर्म भरायचा. एक दिवस जास्त राहिलात तरी तो १० वर्षांचा व्हिसा रद्द होतो, १८० दिवसांच्या वर राहून मग बाहेर पडलात तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर १०.

इन्शुरन्स भारतातून निघायच्या आधी घ्या, पाहुण्यांना मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नाही. आणि घरी पोचल्यावर बॅगेतल्या चकल्या बाहेर निघायच्या आधी सीबीपीच्या (अमेरिकेचं कस्टम्स आणि बॉर्डर खातं) साईटवरून आय-९४ काढा, कारण हल्ली पासपोर्टवर शिक्का मारतीलच असं नाही. नावाचं स्पेलिंग आणि तारीख तपासा. आमच्याकडे तो कागद फ्रिजवर लावलेला असतो, तारखेला लाल गोल, आणि परतीचं तिकीट त्याच्या निदान आठवडाभर आधीचं.